गवत ट्रॉलीभर, तेल पेलाभर: पावसाळी कापणीत उतारा का पडतो?

ऑगस्ट लागला की गवती चहाचं तेल काढायच्या माझ्या भट्टीवर दरवर्षी एकच प्रश्न येतो. ट्रॉली भरून हिरवंगार, कंबरेच्या वर गेलेलं गवत येतं. टाकीत दाबून भरतो, वाफ सोडतो, अडीच तास जातात आणि तेल-पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या काचेत पिवळ्या तेलाचा थर मात्र बोटभरच चढतो. मे महिन्यात याच शेतातल्या याच गवताने यापेक्षा कितीतरी जास्त तेल दिलेलं असतं. गवताचा मालक आधी काचेकडे बघतो, मग माझ्याकडे. "भाऊ, तेल कोठे गयं?" त्या नजरेत थोडा संशय असतो, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. भट्टीवाला आणि सोनार यांच्याकडे माणूस असाच बघतो.

माझी टाकी पाचशे किलोची. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात मुरमाड रानावर आम्ही काही जण गवती चहा तेलासाठी लावतो. इथे त्याला सगळे लेमनग्रासच म्हणतात. थोडं रोशा गवतही आहे, गुलाबासारख्या वासाचं तेल देणारं. गेल्या काही हंगामांत हीच तक्रार इतक्या वेळा सोडवली की आता तेच ते प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतो. तो क्रम इथे लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी विचारतो: कमी म्हणजे नेमकं काय कमी? शंभर किलो गवतामागे तेल (म्हणजे उतारा) कमी, एकरामागे तेल कमी, की तेल तेवढंच पण खरेदीदाराने सिट्रल (तेलाला लिंबासारखा वास देणारा घटक) कमी दाखवून भाव पाडला? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. ऊस लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. टनेज वेगळं आणि साखर उतारा वेगळा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. गवती चहात मात्र तोच माणूस ट्रॉलीची उंची बघून तेलाचा अंदाज बांधतो.

एक हिशोब मांडून बघा. उन्हाळी कापणीत एकरी समजा 3 टन गवत निघालं आणि उतारा 0.7 टक्के पडला, तर तेल 21 किलो. पावसाळ्यात गवत 5 टन झालं आणि उतारा 0.4 टक्क्यावर आला, तर तेल 20 किलो. एकराचा हिशोब जवळपास जागेवरच आहे, तेल कुठे गेलेलं नाही. फरक एवढाच की 21 किलोसाठी माझ्या टाकीचे 6 घाणे (एकदा भरलेली टाकी म्हणजे एक घाणा) लागले होते आणि 20 किलोसाठी 10 लागले. जास्तीच्या 4 घाण्यांचं जळण, मजुरी आणि कापणी-वाहतूक खिशातून गेली. म्हणजे नुकसान झालं ते खर्चात.

पाणी मोजा, मग तेल मोजा

पावसाळी गवत जड असतं ते पाण्याने. पानाच्या आत पाणी जास्त आणि कापताना भिजलेलं असलं तर बाहेरही. आम्ही टक्केवारी काढतो ती ओल्या वजनावर, त्यामुळे पाणी वाढलं की टक्का आपोआप उतरतो. उन्हाळ्यात एक किलो गवतात सुकं द्रव्य 300 ग्रॅम धरा आणि पावसाळ्यात 220 ग्रॅम. सुक्या द्रव्यात दोन्ही वेळा तेल सारखंच, 2 टक्के, असं मानलं तरी पहिल्यात 6 ग्रॅम तेल निघेल, दुसऱ्यात 4.4. झाडाने काडीचीही कसूर केलेली नसताना उतारा 0.6 वरून 0.44 वर आला.

म्हणून माझी पहिली चाचणी साधी आहे. ट्रॉलीच्या मधल्या थरातलं एक किलो गवत काढायचं, तुकडे करून गोणपाटावर सावलीत पसरायचं, कुरकुरीत झालं की पुन्हा तोलायचं. दोन-तीन दिवस जातात, पण बरीच भांडणं तिथेच मिटतात. कागदावर तारीख आणि वजन लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षी मला विचारावंही लागणार नाही.

त्यावरचा उपायही घरचाच आहे. कापलेलं गवत एक रात्र सावलीत पातळ पसरून कोमेजू द्यायचं. पाणी उडतं, पान मऊ पडतं, टाकीत जास्त मावतं आणि वाफ सारखी फिरते. गवती चहात एका रात्रीच्या कोमेजण्याने तेलाचं म्हणावं असं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते ढिगात. मागच्या श्रावणात एक ट्रॉली रात्रभर ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली सकाळी माझ्याकडे आली. मी कोपरापर्यंत हात आत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. आतून मुरघासासारखा आंबूस वास येत होता. त्या घाण्याचं तेल कमी तर निघालंच, वर त्याला तो आंबूसपणा कायमचा चिकटला. पावसात झाकायची घाई सगळ्यांनाच असते, पण ओलं गवत झाकून ठेवण्यापेक्षा शेतात उभं राहिलेलं बरं.

"पावसाने तेल धुऊन गेलं"

हे मी हजारदा ऐकलं आहे, आणि गवती चहाबाबतीत ते खरं नाही. अंगणातल्या तुळशीवरून नुसतं बोट फिरवा, वास बोटाला लागतो. गवती चहाच्या पातीवरून तसंच बोट फिरवा. फार तर बोट कापेल, वास लागणार नाही. पात मोडली, चुरगाळली की मगच लिंबासारखा घमघमाट सुटतो. कारण तुळस आणि पुदिना यांचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत, पातळ पापुद्र्याखाली भरलेलं असतं. गवती चहाचं तेल पानाच्या आत, पेशींमध्ये असतं. झोडपणारा पाऊस पुदिन्याच्या ग्रंथी फोडू शकतो, पातीच्या पोटात तो शिरत नाही.

म्हणूनच उत्तर प्रदेशात बाराबंकी, बदायूं, रामपूरकडे मेंथॉलचा पुदिना जानेवारी-फेब्रुवारीत लावतात आणि पाऊस येण्याआधी, मे-जूनमध्ये कापून मोकळे होतात. तिथे पावसात सापडलेलं पीक म्हणजे खरोखरच तेल गेलं.

मग गवती चहाचं पावसाळ्यात काय होतं? ऊन मिळत नाही. तेल काही मुळातून वर चढत नाही. पान उन्हात साखर बनवतं आणि त्या साखरेतल्याच कार्बनपासून सिट्रलसारखे वासाचे पदार्थ तयार होतात, तेही मुख्यतः पान कोवळं असताना, वाढत असताना. आठ-दहा दिवस आभाळ भरून राहिलं की पाणी भरपूर असल्याने पान लांबत जातं, पण आतून भरत नाही. अशा गवताची पात चुरगाळली की वास येतो, पण डोळ्यांत पाणी आणणारी ती धार नसते. कापणीआधी तीन-चार दिवसांची कडक उघडीप मिळाली, तर नंतरच्या घाण्यात फरक दिसतो. पाऊस थांबलेल्या संध्याकाळी लगेच कापणं ही सगळ्यात महाग घाई. सकाळचं दव उडून जाऊ द्या, पातीला पात घासून कोरडा आवाज आला की विळा लावा.

आंब्याच्या किंवा शेवग्याच्या सावलीत येणाऱ्या ओळी वेगळ्या कापून बघा. त्या नेहमी उंच आणि गर्द दिसतात, आणि नेहमी फसवतात. दाट लावणीचंही तेच होतं. बुंधे फुगले की तिसऱ्या-चौथ्या वर्षी ओळी एकमेकींत शिरतात, आतल्या पानांना ऊनच लागत नाही आणि दमट हवेत तांबेराही तिथूनच सुरू होतो.

पानाचं वय

माझ्या मते पावसाळी तक्रारींमागचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं, पण मालक ते शेवटी सांगतो. पहिली कापणी लावणीनंतर साधारण तीन-चार महिन्यांनी आणि पुढच्या साठ ते सत्तर-पंचाहत्तर दिवसांच्या अंतराने, असा आमचा पायंडा आहे. पावसाळ्यात हे बिघडतं. रान चिकट, ट्रॅक्टर आत जात नाही, मजूर भात किंवा निंदणीत अडकलेले. साठ दिवसांचे शंभर होतात. तोवर खालची पानं पिवळी पडून वाळतात, मधली जून होतात. जून पानात तेलाचं प्रमाण उतरत जातं, वाळलेल्यात तर सरळ उडून जातं. वजन मात्र सगळ्यांचं भरतं.

उलटा प्रकारही बघितला आहे. मागचा उतारा पडला म्हणून घाबरून चाळीस दिवसांतच कापलं. कोवळ्या पातीत तेलाचा टक्का बरा मिळाला, पण गवतच एवढंसं की एकराचं गणित कोसळलं, आणि बुंध्यांना पुन्हा फुटायची ताकद राहिली नाही.

कापताना विळा जमिनीपासून दहा ते पंधरा सेंटिमीटर वर ठेवा. तेल पात्यात असतं, खालच्या पांढरट देठात अगदी थोडं. खालून कापलं तर ट्रॉली भरल्याचं समाधान मिळतं. माझी टाकी देठांनी भरते, आणि बुंधा कुजतो तो वेगळाच.

युरिया आणि ताण

"युरियाने तेल जातं" असं छातीठोक सांगणारे भेटतात. अर्धंच खरं आहे. नत्राने पाला वाढतो, आणि पाला वाढला की एकरी तेलही वाढतं. मात्र कापणीच्या तोंडावर दिलेला युरिया पानात पाणी भरतो, टक्का खाली आणतो. आम्ही नत्र कापणी झाल्याबरोबर, नवीन फुटव्यांना देतो. कापणीला पंधरा दिवस राहिले असताना गवत फिकट वाटलं म्हणून मूठ मारू नका.

आणि फिकट वाटलं म्हणजे नत्रच कमी, हेही खरं नसतं. चुनखडीच्या रानात नवीन पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी-पांढरी पडतात. उसावर पडतो तोच केवडा. इथे लोह कमी पडतं. हरितद्रव्य नाही, तर साखर नाही, तर तेलही नाही. लिटरला 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं लिंबूसत्त्व असं फवारून बघा, आठ-दहा दिवसांनी नवीन पान हिरवं निघालं तर निदान बरोबर. युरिया ओतत राहिलात तर पैसे मातीत.

ताणाचीही अशीच अर्धवट समजूत आहे. संत्र्या-मोसंबीला बहारासाठी ताण देतात ते सगळ्यांना माहीत असतं, मग गवतालाही ताण द्या, तेल वाढेल, असं कोणीतरी सांगतं. ताणाने टक्का वाढतो खरा, पण त्याचं बरंचसं कारण पानातलं पाणी घटतं हेच. महिनाभर कोरडं ठेवलं तर पाला इतका घटतो की एकरी तेल कमी भरतं. उन्हाळी कापणीआधी आठवडाभर पाणी तोडणं मला पटतं, त्यापेक्षा जास्त नाही. ऑगस्टमध्ये ताण द्यायचा कसा, हा प्रश्न वरुणराजालाच विचारावा लागेल. आपल्या हातात फक्त चर आहेत. बुंध्यांत पाणी साचू देऊ नका. मुळं गुदमरली की खत असून उपासमार होते.

रोशाचं वेगळं गणित

रोशा गवत आणणाऱ्यांना मी आधीच थांबवतो. याचं तेल सगळ्यात जास्त फुलोऱ्यात असतं, पानात कमी, काडीत जवळपास नाहीच. फुलोरा येऊन सात-दहा दिवस झाले, दाणा भरायला लागला की कापायचं. ऑगस्टात पान कापून आणलं तर तेल कमी, आणि त्यातलं जिरॅनिऑल (गुलाबासारखा वास देणारा घटक) तेही कमी, कारण फुलोरा पिकत जातो तसं जिरॅनिल ॲसिटेटचं जिरॅनिऑल होत जातं. इथे घाई म्हणजे दोन्हीकडून तोटा.

हे ज्ञान आमच्या भागाला नवं नाही. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबारकडे रानातल्या रोशाच्या भट्ट्या लागत, पाऊस सरत आला आणि गवत फुललं की. ते तेल मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई. (भेसळीसाठी का होईना, आमचं नाव तिथवर पोचलं होतं!)

रोशात मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. मोतिया उघड्या, कोरड्या, निचऱ्याच्या उतारावर वाढतो, जिरॅनिऑल भरपूर, वास गुलाबाकडे जाणारा. सोफिया ओलसर, सखल जागी दाट माजतो, वास आल्यासारखा उग्र. एकेकाळी लोकांना वाटे की एकच गवत वयानुसार रंग बदलतं. प्रत्यक्षात हे दोन मुळातच वेगळे प्रकार निघाले. उतारावर लावला म्हणून सोफियाचा मोतिया होत नाही. जमीन, ऊन, पाणी हे तेलाचं प्रमाण खालीवर करतात आणि वासही थोडाफार हलवतात, पण मूळ वास बियाण्यातून येतो. म्हणून रोपं कुठली, हे विचारल्याशिवाय मी खताचा सल्ला देत नाही. गवती चहातही चहात घालायला परसात लावलेल्या बुंध्याचे सड काढून एकरभर लावलेले लोक आहेत. तेलासाठी 'कृष्णा' किंवा 'ओडी-19' असे निवडलेले वाण आहेत, त्यांची रोपं खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या.

आता माझी बाजू

शेतात सगळं ठीक निघालं तर दोष भट्टीचा असू शकतो, आणि तो मी स्वतः तपासून दाखवतो. घाणा संपल्यावर टाकीच्या मधला चोथा काढून गार होऊ द्या, चुरगाळून नाकाशी धरा. शिजलेल्या गवताचा वास आला तर तेल निघालं आहे. लिंबाचा वास आला तर वाफ तिथे पोचलीच नाही. ओलं गवत ढिलं भरलं की वाफ एका बाजूने वाट काढते आणि बाकीचं गवत नुसतं गरम होतं. टाकीत उतरून पायाने तुडवत भरण्याला पर्याय नाही. गवती चहाला दोन-तीन तास पुरतात.

कंडेन्सरमधून येणारं पाणी हाताला कोमट लागावं. गरम येत असेल तर तेल हवेत चाललं आहे. भट्टीभोवती घमघमाट सुटला की येणारे-जाणारे खूश होतात, माझ्या मात्र पोटात गोळा येतो. तो वास पैशांचा असतो.

सिट्रल कमी आल्याची तक्रार असेल तर साठवण बघा. तेलात पाण्याचा अंश राहिला, डबा अर्धा रिकामा राहिला किंवा उन्हात राहिला, तर सिट्रलचं ऑक्सिडेशन होतं. पाणी पूर्ण काढून, ॲल्युमिनियमच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात काठोकाठ भरून ठेवा. दिवाळीला काढलेलं तेल होळीला विकायला नेलं आणि टक्का घसरला, यात शेताचा काही दोष नाही.

कुंडीतली तुळस

शहरातल्या नातेवाइकांचे फोन येतात त्यांच्यासाठी थोडक्यात: बाल्कनीतल्या तुळशीला, पुदिन्याला वास नसेल तर आधी ऊन मोजा, खत नंतर. काचेआडचा उजेड म्हणजे ऊन नव्हे. रोज पाणी घालून कुंडी चिखल करू नका. मंजिरी सतत खुडा, कोवळी फूट येत राहील. आणि बाजारातलं पेपरमिंटचं रोप आणून परदेशातल्यासारखा वास मिळत नाही म्हणून हळहळू नका. त्याला उत्तरेकडचे उन्हाळ्यातले लांब दिवस लागतात. आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच संपतो.

यंदा भट्टीवर येणाऱ्यांना एक विनंती. आश्लेषा-मघात पाऊस लागून असेल तर कापू नका, उघडीप मिळाली की कळवा, मी टाकी रिकामी ठेवतो. येताना एका कागदावर चार गोष्टी लिहून आणा: मागची कापणी कोणत्या तारखेला झाली, शेवटचा युरिया कधी दिला, कापणीआधी किती दिवस कोरडे गेले, आणि एक किलो गवत सुकून किती ग्रॅम भरलं. काचेत थर कमी चढला तर तो कागद घेऊनच आपण चोथ्याच्या ढिगाकडे जाऊ.